विणकरांच्या गावातील घरांचे भाव

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात कॅसल कूम नावाचे लहानसे खेडे आहे. 2011 च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या साडेतीनशेच्या आत होती. दगडी घरे व ओढा पाहण्यास दुरून लोक येतात. आम्हा कापडवाल्यांना त्याचे महत्त्व निराळे वाटते. मध्ययुगात हे गाव लोकरी कापडाचे केंद्र होते. ओढ्याच्या पाण्यावर कापड कुटून घट्ट करण्याच्या गिरण्या चालत आणि विणकर याच गावात राहत. धंदा गेला, घरे राहिली. आज मात्र हातावर पोट असलेल्या कारागिराला तेथे घर घेणे परवडणारे नाही.

याची कारणे सरळ आहेत. माल कमी, गिऱ्हाईक जास्त. 1947 च्या नगररचना कायद्यापासून परवानगीवाचून नवे बांधकाम होत नाही, आणि जतन यादीतील जुन्या घरात मनासारखा फेरफार करता येत नाही. उलट शहरातील पैसेवाले, निवृत्त लोक आणि सुट्टीसाठी दुसरे घर घेणारे अशा गावांकडे वळतात. कोरोनाच्या काळात घरून काम सुरू झाले. त्यातच 8 जुलै 2020 पासून 30 जून 2021 पर्यंत पाच लाख पौंडांपर्यंतच्या खरेदीवर मुद्रांक कराची सूट होती. मागणी आणखी वाढली.

तेथील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. इंग्लंड व वेल्समधील सरकारी भूमी नोंदणी खात्याकडे 1995 पासूनच्या विक्रीच्या किमती आहेत. कोणते घर कोणत्या तारखेला कितीला गेले, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. दलालाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

परंतु लहान गावाचा सरासरी भाव फसवा असतो. समजा, एका वर्षी तीन घरे 3 लाख, साडेतीन लाख व 4 लाख पौंडांना गेली. सरासरी साडेतीन लाख झाली. पुढल्या वर्षी दोन घरे 3 व 4 लाखांना, आणि एक जुना वाडा 20 लाखांना गेला. सरासरी एकदम 9 लाख! गावातील साध्या घराचा भाव मात्र होता तेथेच आहे. मांजरपाट व पैठणी एका गाठीत बांधून वारी भाव काढावा, तसाच हा हिशेब. म्हणून सरासरी सोडून एकेक सौदा पाहावा: घर सुटे की ओळीतले, जमीन मालकीची की मुदतीच्या पट्ट्याची, विक्री कोणत्या वर्षाची.

कोकण व मुंबईतील अनेक कुटुंबांचे आप्त ब्रिटनमध्ये आहेत. त्यांच्या सल्ल्याने इंग्लंडमध्ये घर घेण्याचा विचार असेल, तर किमतीबरोबर कराचा हिशेबही आधी मांडावा. तेथे न राहणाऱ्यास एप्रिल 2021 पासून 2 टक्के जादा मुद्रांक कर पडतो. दुसऱ्या घरावरील जादा कर 31 ऑक्टोबर 2024 पासून 5 टक्के आहे, आणि त्यासाठी भारतातील 40 हजार पौंड वा अधिक किमतीचे घरही जमेस धरले जाते. दोन्ही लागू झाले, तर नेहमीच्या करावर आणखी 7 टक्के.

गावकऱ्यांसाठी तेथील कायद्याने एक वाट ठेवली आहे. नियुक्त ग्रामीण भागात सरकारी भाडेकरूस घर विकताना, ते पुढे तीन वर्षे त्या भागात राहिलेल्या वा काम केलेल्या माणसासच विकावे, अशी अट घालता येते. अशी घरे थोडीच असतात. पण ज्या गावात कष्टकऱ्याला घर परवडत नाही, तेथे दुकान व शाळा फार दिवस टिकत नाहीत, हे त्या अटीमागचे कारण व्यापाऱ्याने ओळखावे.