मारिनचे दोन गुडघे

फूल आणि पाऊल : भाग ७

गेल्या आठवड्यात स्मॅशचा फटका आपण वरून पाहिला : मनगट, कोपर, खांदा. आज तोच फटका खालून, पायाकडून पाहू. त्यासाठी स्पेनची बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिन हिची कारकीर्द समोर ठेवते. तिच्या खेळाचं बळ आणि तिच्या वाट्याला आलेलं दुखणं, दोन्ही एकाच जागी सापडतात.

आधी पदकं. मारिनचा जन्म १९९३ चा, दक्षिण स्पेनमधल्या वेल्वा शहरातला. लहानपणी ती फ्लामेंको नाचायची. बॅडमिंटनला तिच्या देशात फारसं कुणी विचारत नव्हतं. चौदाव्या वर्षी घर सोडून ती माद्रिदला प्रशिक्षक फर्नांडो रिवास यांच्याकडे सरावाला गेली. २०१४ मध्ये चीनच्या ली श्वेरुईला, २०१५ मध्ये आपल्या सायना नेहवालला आणि २०१८ मध्ये आपल्याच पी. व्ही. सिंधूला अंतिम फेरीत हरवून ती विश्वविजेती झाली. महिला एकेरीत तीन विश्वविजेतेपदं त्याआधी कुणीच मिळवली नव्हती. रिओ ऑलिंपिकचं २०१६ मधलं सुवर्णही तिचंच. तिथल्या अंतिम फेरीत समोर सिंधूच होती; १९-२१, २१-१२, २१-१५ हा त्या सामन्याचा निकाल आपल्याला अजून बोचतो. पण सामना संपल्यावर मारिन कोर्टवर पडून रडत होती, तेव्हा तिची रॅकेट उचलून तिच्या बॅगेपाशी नेऊन ठेवणारी सिंधूच होती, हेही आठवावं.

आता पाय. एकेरीत खेळाडूला आपल्या बाजूचं ६.७ मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद मैदान सांभाळायचं असतं. मारिन ते धावून, उडून आणि ओरडून सांभाळायची. मागच्या कोपऱ्यात फूल, म्हणजे शटल, उंच आलं की बहुतेकजणी ते परतवून जागेवर येतात. मारिन उडी घ्यायची, मारायची आणि पाय टेकतो न टेकतो तोच जाळीकडे झेपावायची. समोरचीला श्वास घ्यायला वेळ मिळायचा नाही.

ती डावखुरी आहे. तिच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात फूल आलं, तर बॅकहँड टाळून ती डोक्यावरून हात फिरवून मारायची. शरीर उजवीकडे मागे झुकतं आणि उतरताना सगळा भार एकट्या उजव्या पायावर येतो. मागे जाणारं शरीर त्याच पायाने थोपवायचं आणि लगेच पुढे ढकलायचं. बुटाचा रबरी तळ मॅटला घट्ट धरून बसतो. अशा वेळी गुडघा पुरेसा वाकलेला नसेल आणि आत कलला, तर तो पीळ सोसायला एकच वस्तू उरते, ती म्हणजे एसीएल.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या मधोमध तिरपा बांधणारा हा आखूड, चिवट अस्थिबंध. नडगी पुढे सरकू नये, जास्त फिरू नये, ही त्याची राखण. तो पूर्ण तुटला, तर बहुधा आपोआप नीट जुळून येत नाही. शल्यविशारद रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा घेतात, हाडांत बोगदे पाडतात आणि त्यांतून ती ओवून नवा बंध तयार करतात. तो शरीरात रुजायला कित्येक महिने लागतात. खेळाडूंना साधारण नऊ महिने तरी थांबायला सांगतात.

२७ जानेवारी २०१९. इंडोनेशिया मास्टर्सची अंतिम फेरी, समोर सायना. मारिन १०-४ ने पुढे असताना तिचा उजवा गुडघा गेला. सप्टेंबरमध्ये ती परतली आणि त्याच महिन्यात तैवानच्या ताई त्झू-यिंगला हरवून चायना ओपन जिंकली. तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आठ महिन्यांत परतण्याचं ते कौतुक आता मला जड जातं. एकदा हा बंध तुटलेल्या खेळाडूला पुढे दोन्ही गुडघ्यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे आपण टाळ्या वाजवताना लक्षात घेत नाही.

२०२० मध्ये तिचे वडील गेले. २०२१ च्या सुरुवातीला ती एकामागून एक स्पर्धा जिंकत होती. टोकियो ऑलिंपिक दोन महिन्यांवर आलं असताना सरावात डावा गुडघा गेला. एसीएलसोबत या वेळी दोन्ही मेनिस्कसही फाटले. मेनिस्कस म्हणजे हाडांमधल्या, धक्का झेलणाऱ्या चकत्या. पुढच्या एप्रिलमध्ये ती माद्रिदला युरोपची विजेती झाली.

मग पॅरिस ऑलिंपिक, २०२४. उपांत्य फेरीत चीनच्या हे बिंगजियाओविरुद्ध पहिला गेम २१-१४, दुसऱ्यातही आघाडी. मागच्या कोर्टात एक उडी आणि पुन्हा उजवा गुडघा. पट्टा बांधून ती उभी राहिली, पण थोडेच गुण खेळू शकली. बिंगजियाओ रौप्यपदक घ्यायला उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात स्पेनचा छोटा बिल्ला होता.

याला केवळ दुर्दैव म्हणायला माझं मन तयार नाही. २०१८ पासून जागतिक बॅडमिंटन महासंघाने एकेरीतल्या पहिल्या पंधरा खेळाडूंना वर्षाला किमान बारा स्पर्धांची सक्ती केली. शरीर भरून यायला मोकळे आठवडे लागतात; या वेळापत्रकात ते सापडत नाहीत. शिवाय उड्या आणि अचानक दिशाबदल असलेल्या खेळांत एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आढळतं. कंबरेची ठेवण, स्नायूंची ताकद, संप्रेरकं, अशी बरीच कारणं चर्चेत आहेत. त्यांतलं एक, उतरण्याची पद्धत, मात्र आपल्या हातातलं आहे. एका पायावर उतरताना गुडघा वाकवायचा, तो पंजाच्या रेषेत ठेवायचा, मांडीमागचे आणि नितंबांचे स्नायू घट्ट करायचे. हे बाराव्या-तेराव्या वर्षापासून शिकवलं, तर या दुखापती बऱ्याच घटतात, असं अभ्यास सांगतात. पुणे-ठाण्याच्या हॉलमध्ये मुलींचा सराव बघत मी तासन् तास बसले आहे. स्मॅश कसा मारायचा, हे प्रत्येकीला सांगितलं जातं. उतरायचं कसं, हे शिकवताना मी फार थोड्या जणांना पाहिलं. मुलीला क्लासला घालणाऱ्या आईवडिलांनी पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना हे विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढच्या भागात नागपूर, नोव्हेंबर २०१७, राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी. सव्वा वर्षापूर्वी मुंबईत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली सायना, समोर सिंधू आणि २७-२५ पर्यंत ताणलेला दुसरा गेम. तोवर त्या लढतीची चित्रफीत मिळाली, तर एकदा फूल सोडून नुसते सायनाचे पाय पाहून ठेवा.