व्यायाम आणि वय : काही गैरसमज

व्यायाम तरुणपणी करायचा आणि साठीनंतर आराम करायचा, ही समजूत घरोघरी आढळते. प्रत्यक्षात शरीराची हालचालीची गरज वयाबरोबर संपत नाही, तिचे स्वरूप तेवढे बदलते.

लहान वयात वजने उचलली की उंची खुंटते, असे अनेक पालकांना वाटते. योग्य देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने असे होत असल्याचा पुरावा नाही. उलट हाडांची घनता साधारण तिशीपर्यंतच वाढते. पुढे आहे ती राखावी लागते. म्हणून शाळकरी वयातले पळणे आणि उड्या मारणे पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सुचवते. दहावीच्या वर्षी मुलांचे मैदान बंद करणे त्यामुळेच चुकीचे आहे.

‘अंगाने बारीक असलेल्याला व्यायामाची गरज नाही’ हा समज तिशी-चाळिशीत जास्त घातक ठरतो. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असत, तर कंडक्टर तिकिटे देत जिन्यावरून सतत वर-खाली करत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ड्रायव्हर मुळातच जाड असतील, अशी शंका साहजिक होती. मॉरिस यांनी त्यासाठी गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापे तपासली. ड्रायव्हरांची कंबर मोठी होती हे खरे, पण पुढच्या तपासात सडपातळ ड्रायव्हरांनाही सडपातळ कंडक्टरांपेक्षा अधिक धोका दिसला.

घरकाम म्हणजेच व्यायाम, हे अर्धेच खरे आहे. श्वास वाढवणारे कोणतेही काम हिशेबात धरता येते, आणि ते सलग दहा मिनिटे असावे ही जुनी अटही जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली. आठवड्याला किमान १५० मिनिटे असे काम व्हायला हवे; बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका श्वास लागला की ते पुरेसे समजावे. ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे त्यात बसत नाही.

चालण्या-पळण्याने गुडघे झिजतात, या भीतीने कित्येक जण चालणेच सोडतात. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात; तिला पोषण मिळते ते हालचालीने सांध्यातला द्रव आत-बाहेर झाल्यामुळे. २०१७ मधील एका एकत्रित आढाव्यात हौसेने पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के, तर बैठ्या लोकांपैकी १०.२ टक्के जणांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत मात्र हे प्रमाण जास्त होते. संधिवात झालेल्यांनाही मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम उपचार म्हणूनच सांगितला जातो.

सर्वांत मोठे नुकसान म्हातारपणी होते, आणि तेही मायेपोटी. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ असे म्हणत घरातल्या वडीलधाऱ्यांना खुर्चीत बसवून ठेवले जाते आणि त्यांचे स्नायू उतरत जातात. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम देण्यात आले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नुसते फिरणे या वयात पुरत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, आधाराजवळ एका पायावर उभे राहणे, असे ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस हवेत. पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्यानेच घटतो. हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.