रोवणीनंतरची मालीश

लामता भागात धानाची रोवणी आटोपली की दिवसभर वाकलेल्या बायांच्या कमरा व पोटऱ्या धरतात. अशा वेळी स्वीडिश मालीश उपयोगी पडते. नाव स्वीडनचे, पण तिचे प्रकार हॉलंडचे डॉक्टर योहान मेझगर (१८३८-१९०९) यांनी बसविले असे मानतात.

कोमट तेलाने हात हृदयाच्या दिशेने लांब फिरवावा, कणीक तिंबल्यासारखे दाबावे, अंगठ्याने चोळावे, हलके थोपटावे. कण्यावर दाब देऊ नये. स्नायू सैल होतात, झोप लागते.

मात्र एकच पाय सुजून गरम व दुखरा झाला असेल, तर मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. तेलाची वाटी बाजूला ठेवून रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. हीही सेवाच आहे.