यू.एस.बी.ची जोडणी मधूनच कां तुटते?

लॅपटॉपला जोडलेली हार्ड डिस्क चालतां चालतां एकाएकीं नाहींशी होते. दोन क्षणांनीं पुन्हां प्रकट होते. आणि घरांतील मंडळींनीं कांहीं विचारण्यापूर्वींच पुन्हां अंतर्धान पावते. प्रत्येक वेळीं संगणक एक बारीकसा सूर काढतो, जोडणी झाल्याचा एक आणि सुटल्याचा दुसरा. ज्या घरांत अशी डिस्क म्हणजे मुलांच्या बारशापासूनच्या छायाचित्रांची एकमेव पेटी असते, त्या घरांत हा सूर ऐकून काळजांत धस्स होणें साहजिक आहे. अशा प्रसंगीं बहुधा दोनच निदानें कानांवर येतात. घरांतला कोणी म्हणतो, व्हायरस शिरला. दुकानांतला कोणी म्हणतो, मदरबोर्ड गेला. दोन्ही गोष्टी अशक्य नाहींत. परंतु या विकाराचें मूळ पुष्कळदां त्यांहून फार क्षुद्र असतें, आणि तें केबल, खोबण व वीजपुरवठा यांच्या आसपास सांपडतें.

जोडणी तुटणें म्हणजे काय, हें समजण्यासाठीं ती जुळते कशी हें प्रथम पाहिलें पाहिजे. पूर्वीं संगणकाला कळफलकाची खोबण निराळी, छपाईयंत्राची निराळी, मोडेमची निराळी असे. १९९६ सालीं सात कंपन्यांनीं मिळून या सर्वांच्या ऐवजीं एकच खोबण सुचविणारा नियमसंग्रह प्रसिद्ध केला, तीच यू.एस.बी. या योजनेच्या प्रमुख शिल्पकारांत गणले जाणारे इंटेलचे अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे पदवीधर होत. मूळच्या योजनेंत तारा चारच: एक पांच व्होल्टांचा दाब घेऊन जाणारी, एक परतीची, आणि दोन निरोप नेणाऱ्या. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें त्यांत आणखी पांचांची भर घातली.

उपकरण खोबणींत बसलें म्हणजे तें निरोपाच्या दोहोंपैकीं एका तारेचा दाब लहानशा रोधकाच्या द्वारें उंचावून धरतें. लॅपटॉप ती तार पाहतो आणि समजतो कीं दारीं कोणी आलें आहे. मग तो त्याचें नांवगांव विचारतो, त्याला एक क्रमांक देतो, आणि व्यवहार सुरू होतो. हा दाब अडीच मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा चार लाखावा भाग, इतका वेळ जरी खालीं पडला, तरी पाहुणा निघून गेला असें लॅपटॉप धरून चालतो. ही गोष्ट माऊस, कळफलक अशा मंदगति उपकरणांची झाली. डिस्कसारख्या शीघ्रगति उपकरणांत ओळखण्याची रीत निराळी आहे. पण क्षमा तेथेंहि नाहीं. संपर्क लगेच पुन्हां जुळला तरी सर्व विचारपूस पहिल्यापासून करावी लागते, आणि चालू असलेलें लेखन अर्ध्यावर राहतें. म्हणूनच बोटाला न जाणवणारा ढिलेपणा पडद्यावर दोन-तीन सेकंदांची गैरहजेरी होऊन दिसतो.

वैद्य औषध देण्यापूर्वीं ताप केव्हां चढतो हें विचारतो. येथेंहि जोडणी केव्हां तुटते हें आधीं विचारावें. केबलला धक्का लागतांच तुटत असेल, तर दोष केबलच्या टोकाशीं किंवा खोबणींत असण्याचा संभव अधिक. मोठी फाईल उतरवून घेतांना तुटत असेल, तर विजेची ओढाताण. बराच वेळ कोणी हात न लावल्यावर तुटत असेल, तर वीज वांचविणारी व्यवस्था. दोन-तीन दिवस या वेळा कागदावर टिपून ठेवल्या, तर अर्धें निदान घरबसल्या होतें. नंतर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, खोबण, हब आणि ड्रायव्हर हीं सारीं एकदम बदलून दोष गेला, तर तो कशानें गेला हें कळत नाहीं, आणि पुन्हां आला म्हणजे सर्व खटाटोप नव्यानें करावा लागतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तु म्हणजे केबल. हलक्या केबलमध्यें २८ गेजची बारीक तार असते, आणि तिचा रोध मीटरला सुमारें ०.२१ ओहम भरतो. केबल दोन मीटर लांब असली तर जाऊन-येऊन चार मीटर तार होते, म्हणजे रोध सुमारें ०.८५ ओहम झाला. तिसऱ्या आवृत्तीच्या खोबणींतून ०.९ अँपियरपर्यंत प्रवाह घेण्याची उपकरणाला मुभा आहे. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम लावला, कीं पाऊण व्होल्टाहून अधिक दाब वाटेंतच खर्ची पडतो असें दिसतें. पांचांपैकीं सव्वाचारहि पुरे पोहोंचत नाहींत. तबकडी फिरूं लागते त्या क्षणीं डिस्कची भूक मोठी असते, आणि नेमकी तेव्हांच ती मान टाकते. स्वतःचा वीजपुरवठा नसलेला दुसऱ्या आवृत्तीचा हब मध्यें असेल तर विचारूंच नये. नियमाप्रमाणें तो प्रत्येक खोबणीला १०० मिलिअँपियरच देण्यास बांधलेला असतो. यावर उपाय साधा आहे. आंखूड व जाड केबल घ्यावी, डिस्क सरळ लॅपटॉपलाच जोडावी, आणि हब हवाच असेल तर भिंतीवरील विजेचा घ्यावा.

खोबणीलाहि आयुष्य असतें. जुन्या चौकोनी पद्धतीच्या जोडणीनें किमान १५०० वेळां काढ-घाल सोसावी अशी अपेक्षा आहे. नव्या सी जातीच्या जोडणीकडून १०,००० वेळांची. रोज तीन वेळां काढ-घाल केली तर १५०० चा आंकडा दीड वर्षाच्या आंतच पुरा होतो. अर्थात् पुष्कळ खोबणी याहून अधिक टिकतात. खोबणींत बसलेला कचरा लॅपटॉप बंद करून लांकडी दांतकोरणीनें हलकेच काढावा; टांचणी किंवा पिन मुळींच घालूं नये. ढिलेपणा तपासावयाचा तर तो माऊस जोडून तपासावा. छायाचित्रांची डिस्क जोडून केबल हलवून पाहणें म्हणजे दूध उकळलें कीं नाहीं हें बोट बुडवून पाहण्यासारखें आहे.

वीज वांचविण्याच्या व्यवस्थेमुळें येणारा दोष मात्र निराळा. बॅटरी टिकावी म्हणून लॅपटॉप निजलेल्या उपकरणाचा पुरवठा आंखडता घेतो, आणि कांहीं उपकरणें या झोंपेंतून नीट जागीं होत नाहींत. विंडोजमध्यें 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'यू.एस.बी. रूट हब' या नोंदीखालीं वीज वांचविण्यासाठीं उपकरण बंद करण्याची परवानगी असते. ती काढून घ्यावी. 'पॉवर ऑप्शन्स' मधील 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' हीहि अनेक लॅपटॉपांत बंद करतां येते. त्यानें बॅटरी थोडी लवकर उतरते, एवढेंच.

नभोवाणीच्या श्रोत्यांना ओळखीचा असा एक प्रकार येथें सांगितला पाहिजे. बिनतारी माऊस अडखळतो, आणि लोक खोबणीला दोष देतात. खरें पाहतां तेथें जोडणी तुटलेलीच नसते. तिसऱ्या आवृत्तीच्या केबलमधून जाणाऱ्या वेगवान संदेशांची खरखर माऊसच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर पडते. इंटेलनें २०१२ सालीं ती मोजून दाखविली आहे. माऊसचा ग्राहक डिस्कच्या शेजारून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूस खोचला कीं बहुतेक काम भागतें.

क्वचित् दोष खरोखरच कारखान्यांतून आलेला असतो. ए.एम.डी. कंपनीच्या ५०० मालिकेच्या चिपसेटांवर यू.एस.बी. मधूनच तुटते, अशा तक्रारींची दखल त्या कंपनीनें २०२१ च्या फेब्रुवारींत जाहीरपणें घेतली, आणि त्यावरील इलाज पुढें बायॉसच्या नव्या आवृत्तींतून आला. तीं यंत्रें मेजावरचीं होतीं. परंतु लॅपटॉपच्या बाबतींतहि, केबल व खोबण निर्दोष ठरल्यावर, निर्मात्याच्या स्थळावरून बायॉस व चिपसेटचे ड्रायव्हर अद्ययावत् करून पाहणें योग्य होय.

आतां डिस्कवरील मजकुराविषयीं. डिस्क वारंवार तुटूं लागली तर तिच्यावर नवें कांहींहि लिहूं नये. ती आंखूड केबलनें सरळ लॅपटॉपला जोडून प्रथम महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरवून घ्याव्या. तपास मागाहून, आणि तोहि एखाद्या रिकाम्या पेनड्राइव्हवर करावा. लेखन मध्येंच तुटलेली डिस्क जोडल्यावर कधीं कधीं पडद्यावर प्रश्न येतो, कीं ही वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावी लागेल, करावयाची काय? घाईंत 'होय' म्हणणारीं माणसें येथेंच फसतात. अशा वेळीं पुष्कळदां छायाचित्रें जागच्या जागीं असतात. बिघडलेली असते ती केवळ त्यांची अनुक्रमणिका. 'रद्द' दाबून डिस्क दुसऱ्या केबलनें, दुसऱ्या संगणकाला लावून पाहावी. तिच्यांतून टक्-टक् असा आवाज येत असेल तर मात्र घरचे प्रयोग तत्काळ थांबवून ती मजकूर परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. 'चेकडिस्क' ही आज्ञा दुरुस्ती करूं लागली म्हणजे डिस्कवर लिहितेहि. तेव्हां सर्व फाईलींची नक्कल दुसरीकडे सुखरूप उतरल्यानंतरच तिला हात घालावा.