चौलच्या वाडीत आई-बाबा एकटे: ज्येष्ठांच्या सेवेचा व्यवसाय चालेल का, पैसा कुठे अडकू शकतो?

चौल-रेवदंड्याच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या आणि आत कौलारू घरे दिसतात. यातल्या अनेक घरांत आता दोघेच राहतात, किंवा एकच. मुले मुंबई-पुण्याला, नाहीतर परदेशात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का-मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुलांचे येणे सोपे झाले. पण रात्री दोन वाजता बाबांचा बीपी वाढला, तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय आधी होते तेवढेच लांब आहे.

ही गरज म्हणजे व्यवसायाची संधी. मात्र हिशेब चुकला, तर सेवा देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. कसे, ते समजून घेऊया.

गरज किती मोठी?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. ‘इंडिया एजिंग रिपोर्ट २०२३’ नुसार २०२२ मध्ये हा आकडा १४.९ कोटींवर, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्क्यांवर गेला. २०५० मध्ये तो ३४.७ कोटी होईल, असा अंदाज आहे. म्हणजे दर पाच माणसांत एक ज्येष्ठ.

संधी इमारतीत की घरपोच सेवेत?

ज्येष्ठांसाठी वेगळ्या वसाहती महाराष्ट्राला नव्या नाहीत. पुण्यात ‘अथश्री’ आहे, रायगडमध्येच नेरळला ‘डिग्निटी लाइफस्टाइल’ आहे. पण चौलसारख्या किनारी गावात अशी वसाहत उभारायची, तर सीआरझेडचे निर्बंध आहेत आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. भांडवल बरीच वर्षे अडकून पडते.

घरपोच सेवेला इमारत लागत नाही. जेवणाचा डबा, औषधे, तपासणीसाठी रक्ताचा नमुना नेणे, फिजिओथेरपी, दवाखान्यात सोबत, बँकेची कामे, नारळ-सुपारी उतरवून विकून देणे. माणसे गावातलीच, वाहन एखादे.

ग्राहकाला परवडेल का?

पोस्ट किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख रुपये ठेवता येतात. ८.२ टक्के दराने वर्षाला २.४६ लाख, म्हणजे महिन्याला सरासरी २०,५०० रुपये व्याज होते. हा दर पाच वर्षे बदलत नाही.

आता खर्च पाहा. आठवड्याचे १६८ तास सोबत हवी आणि एक माणूस ४८ तास काम करणार, तर साडेतीन माणसे लागतात. प्रत्येकी १२,००० रुपये पगार धरला, तरी खर्च ४२,००० होतो. व्याजाच्या दुप्पट.

तीच सेविका रोज सहा घरी ठरावीक वेळ गेली आणि प्रत्येक घराने २,५०० रुपये दिले, तर १५,००० जमतात. पगार निघतो, वर प्रवासापुरते उरते. चौलमध्ये परवडणारे गणित हेच: वाटून घेतलेली सेवा.

सेवा देणाऱ्याची जोखीम

• पगार दरवर्षी ६ टक्के वाढले, तर आजचा १०,००० चा खर्च पाच वर्षांनी सुमारे १३,४०० होतो. ग्राहकाचे व्याज तेवढेच राहते.

• ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या देखभालीचे पैसे खिशातूनच जातात.

• ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड उत्पन्नाला यायला पाच-सहा वर्षे लागतात. ज्यांचे घर वाडीवर चालते, त्यांची फी तेव्हा थांबते.

त्यामुळे किमान तीन महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय सुरुवात करू नये.

ज्येष्ठांची जोखीम

रायगडकरांना २०१० ची पेण अर्बन बँक आठवत असेल. हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. आज बँक बुडाली, तर प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. वृद्धनिवासाला दिलेल्या अनामत रकमेला हा विमा लागू नाही. ती परत मिळणे करारावर आणि संस्थेच्या तब्येतीवर अवलंबून असते.

सही करण्याआधी हे तपासा

• अनामत किती, कधी आणि किती दिवसांत परत? दोघांपैकी एक गेल्यास काय?

• मासिक शुल्क दरवर्षी किती वाढणार, हे लिहिले आहे का?

• घर विकत घेत असाल, तर प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का? मे २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे दरवाजे, न घसरणारी फरशी अपेक्षित आहे.

• ‘सांभाळतो, वाडी नावावर करा’ असे कोणी म्हटले, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहा. अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार हस्तांतरण रद्द करून घेता येते. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

थोडक्यात, चौलमध्ये गिऱ्हाईक आहे, काम आहे आणि करणारे हातही आहेत. मोठ्या अनामतीवर उभा राहणारा धंदा दोघांनाही धोक्याचा. महिन्याचे काम, महिन्याचे पैसे, हा व्यवहार छोटा वाटेल, पण न पटल्यास दोघांनाही पुढच्या महिन्यात थांबता येते.