वेळूच्या काठीचे वय आणि जुन्या सूचिपत्रांची साक्ष

वेळूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या सरसाने एकजीव करून घडविलेली, दोन किंवा तीन तुकड्यांत सुटणारी आणि पिसे व रेशीम बांधून केलेली नकली माशी पाण्यावर अलगद टाकण्यासाठी योजिलेली मासे गरवण्याची काठी, जिला तिकडे फ्लाय-रॉड म्हणतात, ती अमेरिकेत व इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे कारखान्यांतून मोठ्या निगुतीने तयार होत होती; परंतु तिच्यावर कारखान्याचे नाव, कधी नमुन्याचा क्रमांक, कधी दोरीचे माप एवढा मजकूर आढळला, तरी ती कोणत्या साली घडली याचा उल्लेख सहसा नसतो. पेशवे दप्तरातील ज्या पत्रांवर चंद्र व महिना आहे पण साल नाही, त्यांचा काळ आपल्या संशोधकांनी मजकुरातील माणसे, मोहिमा आणि मुक्काम ताडून जसा निश्चित केला, तसाच या काठ्यांचा काळ त्यांच्या अंगोपांगांवरून आणि कारखानदारांनी ग्राहकांसाठी छापलेल्या सूचिपत्रांवरून ठरवावा लागतो.

या शोधात हिंदुस्थानचाही एक धागा आहे. आरंभीच्या कारागिरांनी वापरलेला वेळू कलकत्त्याच्या बंदरातून जहाजांत चढे, म्हणून त्यास व्यापारात ‘कलकत्ता केन’ हेच नाव पडले. आपल्याकडील मानवेल ज्या जातीचा, त्याच जातीचा तो वेळू होय असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या सालीवर भाजल्याचे काळसर डाग असत आणि जुन्या काठीच्या अंगावर ते आजही स्पष्ट दिसतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत त्याची जागा अधिक सरळ व चिवट अशा ‘टोन्किन’ वेळूने घेतली, जो नावाप्रमाणे टोन्किन प्रांतात न उगवता चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील नदीखोऱ्यात उगवतो, आणि ज्याचे शास्त्रीय वर्णन कँटनच्या लिंगनान विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्‌क्ल्युअर यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. म्हणून डाग दिसताच काठी जुनी ठरविण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. कारण जुन्या वेळूची शोभा ग्राहकांच्या मनातून उतरली नव्हती हे ओळखून पुढील कित्येक कारखान्यांनी टोन्किन वेळूसच ज्योतीने भाजून तसे डाग उठविले.

धातूवरील तारखांनी तर याहूनही अधिक माणसे फसली आहेत. मेन संस्थानातील बँगोर येथे काठ्या करू लागलेला आणि 1881 साली न्यूयॉर्क संस्थानातील सेंट्रल व्हॅली येथे कारखाना हलविलेला हायरम लेनर्ड हा या विद्येचा अव्वल आचार्य. एडवर्ड पेन, फ्रेड थॉमस आणि युस्टिस एडवर्ड्स यांनी त्याच्याच कारखान्यात हात बसविला. काठीचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीवर, म्हणजे फेरूलवर, त्याला 1875 आणि 1878 साली पेटंटे मिळाली आणि ती साले नळीवर ठोकली जाऊ लागली. अमेरिकेत तेव्हा पेटंटाची मुदत 17 वर्षांची असल्याने दुसऱ्या पेटंटाचा हक्क 1895 साली संपला. परंतु ठसा कारागिराच्या हाताशी असेतोपर्यंत वापरात राहणे हे कारखान्याच्या रीतीस धरूनच असते. तेव्हा 1878 हा आकडा वाचून काठी त्या सालची म्हणणे सर्वथा चुकीचे. ती त्याच्या आधीची नाही, एवढेच त्या आकड्यावरून सिद्ध होते. हा भेद मनात पक्का नसेल, तर कितीही सूचिपत्रे समोर ठेवली तरी त्यांचा उपयोग नाही.

खुद्द सूचिपत्रावरही पुष्कळदा साल छापलेले नसते, आणि मग काठीच्या आधी कागदाचाच काळ ठरवावा लागतो. अमेरिकेतील मोठ्या शहरांत 1943 साली टपाल-विभागांचे क्रमांक सुरू झाले व 1963 साली पाच आकडी झिप क्रमांक आले. म्हणून पत्त्यात शहर व संस्थान यांच्या मध्ये एक लहानसा आकडा असेल, तर तो कागद 1943 पूर्वीचा असू शकत नाही. चित्रांवर मात्र विसंबू नये. एकदा कोरलेला ठसा महाग असे, त्यामुळे काठीची मूठ किंवा रिळाची बैठक बदलल्यावरही जुनेच चित्र पुढील आवृत्त्यांत निर्धास्तपणे छापले जाई. खरा पुरावा चित्राखालच्या बारीक टाइपातील वर्णनात सापडतो: रेशमी वेढ्यांचा रंग, कड्यांचा प्रकार, फेरूलचा धातू, जादा टोक मिळते की नाही, आणि किंमत. लागोपाठच्या सालांची सूचिपत्रे समोरासमोर मांडून, कोणता नमुना प्रथम कोठे अवतरला व कोठून नाहीसा झाला हे ओळीओळीने पाहणे हेच या कामाचे मर्म आहे, आणि हे कंटाळवाणे वाचन जो टाळतो त्याच्या निर्णयावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

डेन्व्हर येथील ग्रेंजर काठीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गुडविन ग्रेंजर 1931 साली निवर्तला, पेढी त्याच्या नावाने चालू राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली, ती राइट आणि मॅक्‌गिल यांच्या ताब्यात गेली. काठीवर 9050 हा क्रमांक असला तर नऊ फूट लांबी व पाच औंस वजन एवढा अर्थ त्यातून निघतो, काळ निघत नाही. मात्र त्याच क्रमांकासोबत राइट आणि मॅक्‌गिल हे नाव असेल, तर 1946 ही जुन्यात जुनी मर्यादा आपोआप पक्की होते. मिशिगनमधील डोवॅजिॲक येथल्या हेडन कारखान्याच्या काठ्यांवर नमुन्याच्या नावासोबत ‘एचडीएच’ किंवा ‘एचसीएच’ अशी अक्षरे असत. ती रेशमी दोरीची जाडी सांगत. परंतु नायलॉनच्या दोऱ्या आल्यावर जाडीवरून वजन कळेनासे झाले, आणि अखेर 1961 साली दोरीच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावर आधारलेले आकडे प्रमाण ठरले. म्हणून मूळच्या लिखाणातच असे आकडे असतील तर काठी त्या सालाच्या आधीची नव्हे, हे निःशंकपणे सांगता येते.

व्हर्माँटमधील मँचेस्टर येथे 1856 साली स्थापन झालेल्या ऑर्व्हिस पेढीच्या काठ्यांना तर रसायनानेच खूण दिली आहे: वेस जॉर्डन याने वेळूत बेकेलाइट जातीचा राळरस मुरविण्याची जी कृती काढली, तिचे पेटंट 1950 साली मिळाले, आणि त्या पेटंटाचा उल्लेख असलेली काठी त्यापूर्वीची असणे शक्य नाही. त्याच सुमारास अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोन्किन वेळूची आवक थांबली, आणि काचतंतूच्या स्वस्त काठ्यांनी बाजार काबीज केला. वखारीत साठा असलेल्या मोजक्या पेढ्याच पुढे तग धरू शकल्या.

दुरुस्तीचा विचार मात्र प्रत्येक वेळी केला पाहिजे. मोडलेले टोक दुसऱ्या काठीवरून घेतलेले असते, उडालेले रेशमी वेढे कोणीतरी नायलॉनने भरलेले असतात, कडी अलीकडची बसविलेली असते. अशा एका भागावरून संपूर्ण काठीचे साल ठरविल्यास तो निर्णय कोसळतो. म्हणून फेरूल, बैठक, मूठ, वेढे आणि लिखाण यांची स्वतंत्र मुदत काढावी, त्यांपैकी मूळचे कोणते व मागाहून जडविलेले कोणते हे व्हार्निशाच्या थरांवरून पारखावे, आणि जेथे त्या मुदती एकमेकींवर येतात तेवढाच काळ लिहावा. विक्रीपत्रात ‘1932’ असा ठाम आकडा देण्यापेक्षा ‘1931 नंतर, 1938 पूर्वी’ असे लिहिणारा विक्रेता मला अधिक प्रामाणिक वाटतो, आणि संग्राहकानेही त्या दोन सालांमागची सूचिपत्रांची पाने त्याच्याकडून मागून घ्यावीत.