न दिसणाऱ्या धगीचे माप

कन्या राशीतला '३सी २७३' हा क्वासार दुर्बिणीतून साध्या ताऱ्यासारखा दिसतो. तो २०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे, हे १९६३ साली मार्टेन श्मिट यांच्या शोधातून उमगले. त्याचा उजेड मोजताना शेजारचे न बदलणारे तारे मापाला धरतात. हार्वर्डच्या १८८७ पासूनच्या छायाचित्रांच्या काचा अशाच तपासल्या, तेव्हा तो कमीजास्त होतो हे कळले. काचा जपणाऱ्यांचे आम्हांला अधिक कौतुक वाटते.

कृष्णविवराभोवतीची धूळ हा उजेड शोषून तापते, अवरक्त किरण सोडते. तापल्या तव्याची धग दिसत नाही, हाताला लागते, तसेच. दृश्य उजेड वाढला की अवरक्त बऱ्याच काळाने वाढतो. तेवढा वेळ प्रकाशाला धुळीपर्यंत जायला लागला; त्यावरून तिचे अंतर निघते.